डीफायमध्ये हप्ता कोण भरतो, ते आधी बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या मुलानं विचारलंय, "ताई, माझ्याकडे साधारण आठ लाखांचं क्रिप्टो आहे. पाच लाख यूएसडीसीत (डॉलरशी बांधलेलं नाणं), तीन लाखांचं इथर (इथरियमचं नाणं). नुसतं पडून आहे. आवे, लिडो, युनिस्वॅप, कर्व्ह, मॉर्फो, एथेना, पेंडल यांत सगळ्यात चांगलं व्याज कुठे मिळेल? एक तक्ता करून द्याल का? आणि मला अहो-जाहो नका करू."

बरं, नाही करत. पण तक्ताही करत नाही. हे दर कळमन्यातल्या संत्र्यांच्या भावासारखे असतात, सकाळचा भाव दुपारी राहत नाही. माझा तक्ता तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर शिळा झालेला असेल. त्यापेक्षा मी हे पर्याय कसे पारखते ते सांगते, दर तू रोज स्वतः बघ.

डीफायमध्ये, म्हणजे बँकेऐवजी ब्लॉकचेनवरच्या कोडनं चालणाऱ्या ठेवी-कर्जांच्या व्यवहारात, येण्याआधी मी नऊ वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होते. फाईल टेबलावर आली की आमचे साहेब बाकी सगळे कागद बाजूला सारून एकच विचारायचे, "हा हप्ता कुठून भरणार?" दुकान चालतं का, पगार येतो का, की एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरणार आहे? ठेवीदार हा प्रश्न कधी विचारत नाही, कारण त्याच्या वतीनं बँकेत कुणीतरी तो विचारलेला असतो. डीफायमध्ये ठेवीदारही तूच आणि कर्ज विभागही तूच. म्हणून प्रत्येक प्रोटोकॉलसमोर, म्हणजे तू नावं घेतलीस तशा प्रत्येक सेवेसमोर, मी तोच प्रश्न ठेवते: मला मिळणारं व्याज कुणाच्या खिशातून येतंय, आणि त्यानं उद्या देणं थांबवलं तर माझ्या हातात काय उरतं?

आवेपासून सुरुवात करते, कारण समजायला तो सगळ्यात सोपा. २०१७ मध्ये ईथलेंड नावानं निघाला, पुढे नाव बदललं आणि आजच्यासारखा सामाईक पूलचा (सगळ्यांच्या ठेवी एकत्र ठेवण्याचा) प्रकार जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला. फिनिश भाषेत आवे म्हणजे भूत. नावावर जाऊ नकोस, या क्षेत्रात ज्यांच्याकडे मी निर्धास्त पैसे ठेवले अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

तिथे हप्ता भरणारा म्हणजे ज्याच्याकडे इथर किंवा बिटकॉइन आहे, ते विकायचं नाही, पण डॉलर हवेत असा माणूस. इतवारीत सोनं गहाण ठेवून पैसे उचलतात तसंच. तारण शंभराचं, कर्ज सत्तर-पंचाहत्तरचं. फरक एवढाच की सोन्याचा भाव पडला तर सराफ फोन करतो, चार दिवसांची मुदत देतो, तुझ्या वडिलांची ओळख काढतो. कोड ओळख काढत नाही. तारणाची किंमत ठरलेल्या रेषेखाली गेली की जगातला कुणीही ते कर्ज फेडतो आणि तारण थोड्या सवलतीत उचलून नेतो. कर्जदाराला हे क्रूर वाटतं, पण तू ठेवीदार आहेस आणि तुझं संरक्षण याच क्रूरपणात आहे.

आता दर कसा ठरतो ते बघ, कारण इथेच लोक फसतात. समज पूलमध्ये १०० कोटी आहेत, त्यातले ८० कोटी कर्जाऊ गेलेत आणि कर्जदार ६ टक्के देतायत. म्हणजे पूर्ण पूलवर ४.८ टक्के आले. त्यातला १० टक्के वाटा प्रोटोकॉलनं राखून ठेवला तर तुझ्या वाट्याला ४.३२ टक्के. मागणी वाढली की दर चढतो. आधी सावकाश चढतो आणि वापर एका ठरलेल्या टप्प्यापुढे गेला की एकदम उसळतो. आता लक्षात घे: जो दर बघून तुला उडी मारावीशी वाटते, तो १२-१५ टक्क्यांचा दर बहुतेक वेळा याच उसळीतला असतो. याचा अर्थ पूलमधली जवळजवळ सगळी रोकड कर्जाऊ गेली आहे. त्या दिवशी तुला पैसे काढायचे असले तर काढता येणार नाहीत. कुणी परत भरेल किंवा नवा ठेवीदार येईल तोवर थांबावं लागेल. चढलेल्या दरामुळेच कर्जदार परत भरायला धावतात, त्यामुळे अशी कोंडी सहसा लवकर सुटते. पण घराचा हप्ता दुसऱ्या दिवशी असेल तर "सहसा" या शब्दाचा काही उपयोग नाही.

कंपाउंड याच कुळातला, २०१८ चा. जून २०२० मध्ये त्यानं आपलं कॉम्प टोकन (स्वतःचं नाणं) वाटायला घेतलं आणि तिथून त्या वर्षीची ती प्रसिद्ध डीफायची उन्हाळी जत्रा भरली, टोकनच्या आशेनं लोक पैसे घेऊन तुटून पडले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या एका सुधारणेत चूक राहिली आणि कोट्यवधी डॉलरचे कॉम्प भलत्यांनाच वाटले गेले. ठेवीदारांच्या मूळ रकमेला त्यात धक्का लागला नाही, पण टोकनधारकांच्या मतदानानं मंजूर झालेला कोडसुद्धा चुकीचा असू शकतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत कर्जदाराचं तारण पुढे कुणाला उसनं दिलं जात नाही. ही गोष्ट मला आवडते.

मॉर्फो वेगळा आहे आणि तुझ्या यादीत सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल असतात. तिथे एक मोठा पूल नसतो, प्रत्येक तारणाचा वेगळा बाजार असतो. त्या बाजारांत पैसे कसे वाटायचे हे क्युरेटर म्हणवणारी मंडळी ठरवतात आणि तू त्यांच्या व्हॉल्टमध्ये (त्यांनी चालवलेल्या तिजोरीत) पैसे टाकतोस. म्हणजे प्रोटोकॉलचा कोड कितीही चोख असला तरी खरा कर्ज विभाग तो क्युरेटर. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्ट्रीम फायनान्स या दुसऱ्या एका डीफाय संस्थेनं जाहीर केलं की त्यांच्या एका बाहेरच्या निधी व्यवस्थापकाकडून सुमारे ९.३ कोटी डॉलर गेले. त्यांचं एक्सयूएसडी हे डॉलरशी बांधलेलं म्हणवणारं नाणं कोसळलं आणि ते तारण म्हणून स्वीकारलेल्या व्हॉल्टमधले पैसे अडकले. ज्यांनी फक्त "मॉर्फो" हे नाव आणि दर बघून पैसे ठेवले, त्यांना आपले पैसे एक्सयूएसडीच्या तारणावर दिलेत हे त्या दिवशी कळलं. व्हॉल्टच्या पानावर तारणांची यादी दिलेली असते. ती वाचायला पाच मिनिटं लागतात. त्या यादीतलं एखादं नाव तुला माहीत नसेल तर तिथे पैसे टाकू नकोस.

आता तुझ्या इथरकडे येते. स्टेकिंगमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या राखणीसाठी इथर अडकवून ठेवण्यात, हप्ता खुद्द नेटवर्क भरतं. सप्टेंबर २०२२ मधल्या मर्ज या सुधारणेनंतर इथरियमची चौकीदारी मायनरऐवजी व्हॅलिडेटर करतात, त्याबद्दल त्यांना नवीन इथर आणि व्यवहार-शुल्काचा वाटा मिळतो. स्वतः व्हॅलिडेटर व्हायला ३२ इथर लागतात, ते तुझ्या-माझ्या आवाक्यातलं नाही. म्हणून लिडो: डिसेंबर २०२० पासून लोकांचे थोडे थोडे इथर गोळा करून स्टेक करतो, बदल्यात एसटीईटीएच (त्या इथरची पावती असलेलं नाणं) देतो आणि मिळकतीतला १० टक्के वाटा घेतो. अलीकडे दर ३ टक्क्यांच्या आसपास असतो. रॉकेट पूल हा दुसरा पर्याय. तिथे व्हॅलिडेटर चालवणारे जास्त विखुरलेले आहेत आणि त्यांचं स्वतःचंही इथर अडकलेलं असतं.

कर्जदार बुडण्याची भीती इथे नाही. भीती दुसरी आहे आणि ती मी स्वतः अनुभवली. जून २०२२ मध्ये मला बेसा रोडवरच्या फ्लॅटसाठी ठरलेल्या तारखेला रक्कम भरायची होती. पैसे एसटीईटीएचमध्ये होते. तेव्हा स्टेक केलेलं इथर परत काढायची सोयच नव्हती, ती एप्रिल २०२३ च्या शापेला सुधारणेनंतर आली. लिडोनं ती आपल्या ग्राहकांसाठी मे २०२३ मध्ये उघडली. त्याआधी बाहेर पडायचा रस्ता एकच, बाजारात कुणाला तरी विकायचं. आणि नेमका त्याच आठवड्यात सेल्सियस या क्रिप्टो कर्ज कंपनीनं ग्राहकांचे पैसे रोखले, मोठमोठ्या फंडांनी एसटीईटीएच बाजारात ओतलं आणि एका इथरचं एसटीईटीएच साधारण ५ टक्के कमी भावानं जात होतं. मी विकलं. दीड वर्षाचं व्याज एका दुपारी गेलं. प्रोटोकॉलमध्ये काही चूक नव्हती, कोड ठरल्याप्रमाणे चालत होता. चूक माझी: तारीख ठरलेल्या पैशाला मी तारीख नसलेल्या ठिकाणी ठेवलं होतं. आज काढण्याची सोय आहे, पण रांग असते, आणि सगळे एकदम निघाले की रांग काही दिवसांवरून काही आठवड्यांवर जाते.

युनिस्वॅप आणि कर्व्ह यांत हप्ता भरतो तो एक नाणं देऊन दुसरं घेणारा व्यापारी. प्रत्येक अदलाबदलीवर तो शुल्क देतो, ते पूलमध्ये नाणी ठेवणाऱ्यांना मिळतं. ऐकायला छान वाटतं. दुकानाचा गाळा भाड्यानं दिल्यासारखं. पण गाळा तसाच राहतो, पूलमधली तुझी नाणी तशी राहत नाहीत.

संत्र्यांवरूनच सांगते. समज तू एक गडी ठेवलास, त्याला एक क्रेट संत्री आणि हजार रुपये दिलेस. क्रेटचा भाव आज हजार. गड्याला सक्त ताकीद: भाव चढला की थोडी संत्री विकायची, उतरला की थोडी घ्यायची, आणि संत्र्यांची संख्या गुणिले रुपये हा गुणाकार कायम राखायचा. भाव चार हजार झाला. गड्याकडे बघतोस तर अर्धा क्रेट आणि दोन हजार रुपये, म्हणजे एकूण चार हजार. काहीच न करता घरी बसला असतास तर एक क्रेट चार हजारांचं आणि वरचे हजार, एकूण पाच हजार. वीस टक्के गेले. भाव उलटा पडून अडीचशे झाला असता तर? गड्याकडे दोन क्रेट आणि पाचशे रुपये, म्हणजे हजार; घरी बसला असतास तर साडेबाराशे. पुन्हा वीस टक्केच. भाव नुसता दुप्पट झाला तर ही तूट ५.७ टक्के. याला ते "तात्पुरता तोटा" म्हणतात. भाव मूळ जागी परत आला तरच तो तात्पुरता. तसा तो सहसा येत नाही.

युनिस्वॅपच्या मे २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत तू भावाचा एक पट्टा निवडून सगळे पैसे त्यातच लावू शकतोस. शुल्क कितीतरी पट जास्त मिळतं, तूटही त्याच पटीत वाढते, आणि भाव पट्ट्याबाहेर गेला की शुल्क शून्य. हे गुंतवणुकीत मोडत नाही, ही नोकरी आहे. ज्यांच्याकडे रात्रंदिवस चालणारे बॉट आहेत त्यांच्याशी तू मिहानची शिफ्ट सांभाळून स्पर्धा करणार असशील, तर माझा नमस्कार.

कर्व्हमध्ये मुख्यतः सारख्या किमतीची नाणी एकत्र असतात, यूएसडीसी, यूएसडीटी, डाय वगैरे. त्यामुळे ही तूट जवळजवळ नसते आणि शुल्कही तुटपुंजं असतं. पण यातली गोम वेगळी. पूलमधलं एक नाणं डळमळलं की शहाणे लोक ते नाणं तुझ्या पूलमध्ये टाकून चांगली नाणी उचलून नेतात. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीचे ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकल्याचं कळलं आणि यूएसडीसी शनिवारी ८८ सेंटच्या खाली गेलं. त्या शनिवारी अशा पूलमध्ये बसलेल्यांकडे बघता बघता मुख्यतः यूएसडीसी आणि त्याच्याबरोबर घसरलेलं डाय उरलं. सोमवारपर्यंत भाव सावरला म्हणून वाचले. पूल म्हणजे चार नाण्यांची सरासरी असं लोकांना वाटतं. खरं तर त्यातलं सगळ्यात वाईट नाणं शेवटी तुझ्या पदरात पडतं.

आता बाकीचे भराभर.

मेकरडाओ (डाय नाणं काढणारी संस्था), ज्याचं नाव ऑगस्ट २०२४ पासून स्काय आहे, तिथे बचत दर संस्थेच्या उत्पन्नातून येतो: कर्जदारांचं व्याज आणि अमेरिकी सरकारी रोख्यांवरचं व्याज. म्हणजे हप्त्याचा एक भाग अमेरिकेचं सरकार भरतं. दर मतदानानं ठरतो आणि मतदानानंच बदलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ८ टक्के केला आणि काही आठवड्यांतच ५ वर आणला. कंटाळवाणं आहे. कंटाळवाणं मला चालतं.

एथेनाचं यूएसडीई हे डॉलरशी बांधलेलं नाणं फेब्रुवारी २०२४ पासून लोकांसाठी खुलं झालं. ते एकीकडे इथर-बिटकॉइन धरतात आणि तेवढ्याच रकमेचा वायदा विकतात, म्हणजे भाव कुठेही गेला तरी निव्वळ फरक शून्य. तेजीत वायदा घेणारे सटोडिये विकणाऱ्याला नियमित रक्कम देतात, हप्ता तोच. तेजी संपली की हप्ता आटतो, कधी उलटाही वाहतो. १० ऑक्टोबर २०२५ च्या पडझडीत एका मोठ्या एक्सचेंजवर यूएसडीई ६५ सेंटपर्यंत घसरलं होतं, पण इतरत्र ते डॉलरच्या जवळपासच राहिलं. मला यात फसवणूक दिसत नाही. पण हा पैसा सट्टेबाजांच्या उत्साहातून येतो, त्यामुळे ठेव समजून यात पैसे ठेवणं मला पटत नाही. बाहेर पडायला सात दिवस लागतात हेही लक्षात ठेव.

पेंडल नागपूरकराला समजावणं सोपं, फक्त आजोबा इतवारीत हुंडी वटवायचे हे आठवायचं. शंभराची हुंडी, मुदत सहा महिने, आज सत्त्याण्णवला घ्यायची. मुदतीला शंभर मिळाले की झालं, साधारण वर्षाला सव्वासहा टक्के, आणि ते आजच ठरलेले. पेंडलवरचं पीटी म्हणजे ही हुंडी. व्याजाचा भाग वेगळा कापून वायटी म्हणून विकलेला असतो, तो घेणारा दर वाढेल यावर पैज लावतो. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. हुंडीचा नियम जुनाच: मुदतीआधी विकायची तर मिळेल तो भाव, आणि हुंडी तितकीच चांगली जितका ती लिहिणारा. एथेनाच्या नाण्यावरची पीटी घेतलीस तर दर पक्का, पण नाणं एथेनाचंच.

आणि जिथे हप्ता कुणीच भरत नाही असेही असतात. टेरा या ब्लॉकचेनवरचा अँकर तिथल्या यूएसटी या डॉलर-नाण्यावर जवळपास २० टक्के द्यायचा. कर्जदारांकडून तेवढं येतच नव्हतं, उरलेलं राखीव निधीतून भरलं जायचं, आणि तो निधी आटला की वरून पुन्हा ओतला जायचा. मे २०२२ मध्ये काही दिवसांत सगळं शून्य. आपल्याला हे नवीन नाही. महाराष्ट्रात गेनबिटकॉइननं दरमहा १० टक्के, अठरा महिने असं सांगून लोकांकडून बिटकॉइन घेतले होते. भिशीचा म्होरक्या पळाला की गल्लीत बायका सांगतात, "त्याच्याकडं पैसा येत कुठून होता, हे कोणी इचारलंच नाही बाप्पा." मीही नव्हतं विचारलं. २०२१ मध्ये एका छोट्या पूलनं ४०० टक्के दाखवले, बक्षीस त्यांच्याच टोकनमध्ये. मी रोज सकाळी वाढलेला आकडा बघून चहा प्यायचे आणि विकायचे नाही. चार महिन्यांनी त्या टोकनांच्या बदल्यात तो चहासुद्धा आला नसता. बँकेत नऊ वर्षं फायली वाचलेल्या बाईनं हे केलं, हे मुद्दाम सांगतेय.

सुरक्षिततेबद्दल लोक विचारतात, कोडचं ऑडिट झालंय ना? कर्ज देणाऱ्या युलर फायनान्सची अनेक ऑडिट झाली होती. मार्च २०२३ मध्ये १९.७ कोटी डॉलर गेले. नशीब, चोरानं बहुतेक रक्कम परत केली. कर्व्हचे काही पूल जुलै २०२३ मध्ये लुटले गेले, तेव्हा चूक कर्व्हच्या कोडमध्ये नव्हतीच, ज्या भाषेत तो लिहिला त्या वायपरच्या काही जुन्या कंपायलर आवृत्त्यांत होती. बॅलन्सर या अदलाबदलीच्या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती २०२१ पासून चालू होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णांक करण्यातल्या एका बारीक चुकीतून दहा कोटी डॉलरहून जास्त गेले. म्हणून मी ऑडिट आणि वय दोन्ही बघते, आणि दोन्हींवर विसंबून एका जागी सगळं ठेवत नाही. आवे आणि कर्व्ह अशा दोन जागी ठेवलं म्हणजे विभागलं असंही नाही. दोन्हीकडे यूएसडीसीच असेल तर एका बाजूनं टोपली एकच आहे.

त्याहून साधा धोका तुझ्या स्वतःच्या वॉलेटचा. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओच्या वेबसाइटमध्येच घुसून लोकांकडून खोट्या परवानग्यांवर सह्या करून घेतल्या गेल्या, कोड सुरक्षित असूनही सुमारे १२ कोटी डॉलर गेले. वॉलेट जेव्हा "अमर्याद परवानगी" मागतं तेव्हा तिथे हव्या तेवढ्याच रकमेचा आकडा टाक. टेलिग्रामवर स्वतःहून मदतीला येणारा "सपोर्ट" हा चोरच असतो. आणि सीड फ्रेज (वॉलेट उघडणारी गुप्त शब्दांची यादी) कागदावर लिही, फोटो काढू नकोस. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ती सीताबर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतली, पाण्यानं खराब होऊ नये म्हणून. दुकानदारानं एक जादा प्रत फुकट दिली.

आता ज्याचा विचार परदेशी लेखांत कधीच नसतो तो भाग. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. खरेदी किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही. गॅस (नेटवर्कचं शुल्क) नाही, ब्रिजचा (नाणी एका साखळीवरून दुसरीवर नेण्याचा) खर्च नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी नेता येत नाही. एका व्यवहारात ४०,००० कमावले आणि दुसऱ्यात ५०,००० घालवले तर तू दहा हजारांनी खड्ड्यात आहेस, तरी ४०,००० वर १२,४८० रुपये कर भरायचा. आता युनिस्वॅपचा तो गडी आठव, जो दिवसभर खरेदी-विक्री करतो. भारतात बसून ते करणं म्हणजे तोटा तुझा आणि नफा सरकारचा.

डीफायमधल्या व्याजासाठी कायद्यात वेगळी ओळ नाही. माझे सीए ते हातात पडलं त्या दिवशीच्या किमतीनं इतर उत्पन्न धरतात, स्लॅबप्रमाणे कर लावतात आणि पुढे ते टोकन विकताना वाढीवर पुन्हा ३० टक्के. तुझ्या सीएला विचार, पण आर्थिक वर्ष संपायच्या आधी विचार. शिवाय जुलै २०२२ पासून भारतीय एक्सचेंजवर विकताना १ टक्का टीडीएस. तो विवरणपत्रात परत मिळतो, तोवर अडकतो.

आकडे मांडते. पाच लाख यूएसडीसीवर आवेमध्ये ४.५ टक्के धरले तर २२,५०० रुपये. तुझा स्लॅब ३० टक्क्यांचा धरून ७,०२० कर गेला, उरले १५,४८०, म्हणजे ३.१ टक्के. बँकेतल्या मुदत ठेवीवर ६.५ टक्के धरले तर ३२,५००, कर जाऊन २२,३६०. म्हणजे निव्वळ रुपयांत बघितलं तर धरमपेठेतली तुझी बँक जिंकली, रात्री झोपही लागली. यूएसडीसीचा अर्थ तेव्हाच, जेव्हा तुला डॉलरच धरायचे आहेत. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर साधारण ७४ रुपयांना होता, २०२४ च्या शेवटी ८५ च्या वर. त्या वाढीतही ३१.२ टक्के सरकारचा वाटा. केवळ व्याजासाठी रुपये मोडून यूएसडीसी घेणार असशील तर घेऊ नकोस. तुझ्याकडे आधीच आहेत, म्हणून पुढचं सांगते.

मी तुझ्या जागी असते तर पाच लाखांपैकी तीन आवेमध्ये, आर्बिट्रम किंवा बेससारख्या दुसऱ्या स्तरावरच्या (इथरियमवर टेकलेल्या) साखळीवर ठेवले असते. मार्च २०२४ च्या डेनकन सुधारणेपासून तिथलं शुल्क नगण्य झालंय, तर इथरियमच्या मुख्य साखळीवर गर्दीच्या दिवशी दोन व्यवहारांत तुझं महिन्याचं व्याज जाऊ शकतं. एक लाख स्कायच्या बचतीत. एक लाख कुठेच नाही, वॉलेटमध्ये मोकळे, कारण पडझडीच्या दिवशी सगळ्यात महाग वस्तू म्हणजे न अडकलेली रोकड. एथेना आणि पेंडल पहिल्या वर्षी नाहीत. युनिस्वॅप कधीच नाही.

इथरचं थोडं किचकट आहे. इथर देऊन एसटीईटीएच घेणं ही कराच्या दृष्टीनं अदलाबदल धरली जाऊ शकते. तुझं तीन लाखांचं इथर तू दीड लाखात घेतलं असशील असं समजू. त्यातलं अर्धं बदललंस तर ७५,००० चा नफा आजच प्रत्यक्षात आला, त्यावर २३,४०० कर. आणि दीड लाखावर ३ टक्क्यांनी वर्षाला मिळणार ४,५००, कर जाऊन जेमतेम ३,१००. तो कर वाया जात नाही, पुढे विकताना तुझी खरेदी किंमत तेवढी वाढलेली असेल, पण आज खिशातून रोख जातो आणि तो भरून यायला साडेसात वर्षं बघावी लागतील. खरेदी किंमत आजच्या भावाच्या आसपास असेल तर गोष्ट वेगळी. मग अर्धं बदलायला हरकत नाही. तेव्हाही नुसतं एसटीईटीएच न ठेवता त्याचं डब्ल्यूएसटीईटीएच कर. पहिल्याची संख्या रोज थोडी थोडी वाढते आणि तुझ्या सीएला वर्षाला ३६५ नोंदी कराव्या लागतात. दुसऱ्याची संख्या तेवढीच राहून किंमत वाढते. म्हणून आधी जुन्या खरेदीच्या नोंदी काढ. त्या एक्सचेंजवर असतील तर आजच डाउनलोड करून ठेव, एक्सचेंज कायम राहील असं धरून चालू नकोस.

हे सगळं करण्याआधी एक काम कर. पाच हजारांचं यूएसडीसी एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये काढ. एक्सचेंज काढू देतंय का हे तिथेच कळेल. आर्बिट्रमवर आवेत टाक, दोन दिवस राहू दे, परत काढ, एक्सचेंजला पाठव, विक आणि बँक खात्यात आण. प्रत्येक पायरीला किती रुपये कापले गेले ते वहीत लिही, तारखेसकट. शनिवार-रविवारी पुरेल एवढंच काम आहे. त्या पाच हजारांतले खात्यात किती परत आले तो आकडा मला कळव, मग तीन लाखांचं बोलू.